नहाणीत बुडबुडे का येतात?

वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तिथली गल्ली इतकी चिंचोळी, की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. घरोघरचं सांडपाणी याच फरशांखालून जातं. त्यामुळे पाणी तुंबलं की पहिला वाद ठरलेला: दोष घरातला की गल्लीतला?

हे बहुतेक वेळा प्लंबर येण्याआधीच कळू शकतं. फक्त स्वयंपाकघरातली मोरी तुंबली असेल, तर त्या एकाच पाइपात तेल-तूप आणि शितं थिजलेली असतात. पण वर फ्लश केलं आणि खालच्या न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये गुडगुड सुरू झाली, तर मुख्य लाइन बंद होत आलेली असते. पुढे वाट नसल्याने कोंडलेली हवा ट्रॅपमधल्या पाण्यातून वर येते. मैलाही आधी तळमजल्यावरच उलटतो. वरच्या बिऱ्हाडाला पत्ताच नसतो.

मग चेंबरचं झाकण उघडायचं. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा पुढे, गल्लीच्या बाजूला. कोरडं असेल तर घर आणि चेंबर यांच्यामध्ये. पाणी नीट जातंय आणि नुसताच वास येतोय? मग न वापरलेल्या न्हाणीघरातल्या ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी सुकलंय. तांब्याभर पाणी ओतून पाहावं.

दर दोन-तीन महिन्यांनी तीच लाइन तुंबते, तेव्हा दुखणं जुनं असतं. पाइप कुठेतरी खचलेला असतो, नाहीतर सांध्यांतून मुळं शिरलेली असतात. जुन्या भिंतीत उगवलेला पिंपळ ओलावा बरोबर हुडकून काढतो. बांबूची कामटी घालून तेवढ्यापुरतं भोक पडतं, मुळं पुन्हा वाढतात. ॲसिडनेही ती जात नाहीत. उलट नंतर झाकण उघडणाऱ्याचे हात भाजतात. अशा वेळी पाइपात कॅमेरा सोडून पाहणं हाच शहाणपणा.

शहरालाही हेच करावं लागलं. अस्सीपासून कोनियापर्यंत सुमारे ७ किलोमीटर जाणारा ‘शाही नाला’ मुघलकालीन मानला जातो. १८२०च्या दशकात टांकसाळीवर नेमणूक असलेल्या जेम्स प्रिन्सेपनेही बनारसमध्ये भुयारी निचऱ्याची कामं केली. शाही नाल्यावर पुढे वस्ती इतकी दाटली, की अलीकडे त्याची सफाई करताना आत रोबो-कॅमेरे सोडावे लागले.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, १९७८च्या पुरात नदी ७३.९० मीटरपर्यंत चढली होती. नदी फुगली की सखल वस्तीत गटाराचं पाणी उलटं घरात शिरतं. उलटा प्रवाह अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह इथे कामी येतो, मात्र तो मिटलेला असेपर्यंत घरचं पाणीही बाहेर जात नाही. तेवढा वेळ नळ बंद ठेवावे लागतात.

काहीही झालं तरी चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नये. आतला हायड्रोजन सल्फाइड आधी नाकाची जाणीव बधिर करतो, मग वास येईनासा होतो आणि माणूस कोसळतो. २०१३च्या कायद्याने असं धोकादायक काम कुणाकडूनही करून घ्यायला मनाई आहे. हा कायदा घरमालकालाही लागू आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.