बंद गाळ्याची राखण



आंबेनळी घाटाखाली पोलादपुरात ज्यांचे गाळे, कचेऱ्या आहेत त्यांच्यासाठी चार शब्द. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, घरून काम सुरू झाले. काही जागांचे कुलूप तेव्हापासून निघालेच नाही.

माणसांचा राबता असलेल्या फडात डुक्कर सहसा शिरत नाही. चोराचेही तसेच. दारात साचलेला कचरा व टपाल पाहून त्याला आत कोणी नसल्याचे कळते. म्हणून किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या, आठवड्यातून एकदा दार उघडायला सांगा. कोयंड्याला आरपार बोल्ट घालून नट आतून आवळा. बाहेरचे स्क्रू कोणीही काढतो. रोकड आत ठेवू नका. वीज गेली की कॅमेरा आंधळा होतो, शेजार होत नाही.

दुसरा चोर म्हणजे पाणी. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. पावसाळ्याआधी माल, दप्तर माळ्यावर चढवा.

आगीच्या विम्यात बहुधा अट असते, की जागा ३० दिवसांहून जास्त रिकामी राहणार असेल तर कंपनीची संमती घ्यावी. नाही घेतली तर भरपाई हुकू शकते. पॉलिसी आजच काढून वाचा. संशय आला तर ११२ ला फोन लावा.

– ऊस विकास अधिकारी