शिंपी आणि सालामांडर : चिमुकले दोन जीव

महाराष्ट्रातल्या दिग्रसच्या परसात दिसणारा शिंपी पक्षी आणि दार्जिलिंगच्या तळ्यातला हिमालयी सालामांडर, दोघेही आपल्या तळहातावर मावतील एवढेच.

कूळ : शिंपी उष्ण रक्ताचा पक्षी, सालामांडर शीत रक्ताचा, शेपटी असलेला उभयचर, बेडकाचा नातलग.

आकार : शिंपी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १३ सेंमी, वजन १० ग्रॅमच्या आत. सालामांडर त्याहून थोडा लांब.

आवाज : शिंप्याचा खणखणीत ‘टुविट-टुविट’ दूरवर पोचतो. सालामांडर जवळजवळ मूक.

घर : शिंपी पानाच्या कडा चोचीने टोचून कापूस, कोळ्याचे जाळे, तंतू यांनी शिवतो. सालामांडर पावसाळ्यात तळ्यातल्या पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो. थंडीत दगड-ओंडक्यांखाली निपचित राहतो.

पिल्ले : शिंप्याची पिल्ले साधारण दोन आठवड्यांत घरटे सोडतात. सालामांडरची पिल्ले बाहेरच्या कल्ल्यांनी पाण्यात श्वास घेतात, मग जमिनीवर येतात.

भवितव्य : शिंप्याला झुडूप पुरते. सालामांडरला स्वच्छ तळे आणि भोवतीचे रान दोन्ही हवे, म्हणून तो दुर्मीळ. त्याच्यासाठी १९८५ मध्ये दार्जिलिंगजवळ जोरेपोखरी अभयारण्य झाले. कुंपणाचे झुडूप आणि गावतळे राखणे, हेच दोघांचे रक्षण.