सोलारिसच्या आधीचा 'ओके'

सन कंपनीच्या स्पार्क सर्व्हरमध्ये सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी ओपनबूट हे फर्मवेअर चालू होते. स्वयंचलित बूट बंद असेल, तर पडद्यावर 'ओके' उमटते. त्यामागे चक्क फोर्थ भाषेचा इंटरप्रिटर असतो. '2 3 + .' टाइप केले की 5 हे उत्तर येते.

'प्रिंटएन्व्ह' ही आज्ञा साठवलेली सेटिंग्ज दाखवते, 'सेटएन्व्ह' ती बदलते. 'सेटएन्व्ह बूट-डिव्हाइस डिस्क नेट' दिल्यास सर्व्हर आधी डिस्क, मग नेटवर्क आजमावतो. वीज गेली तरी ही सेटिंग्ज पुसली जात नाहीत.

'प्रोब-स्कझी-ऑल' जोडलेल्या डिस्क शोधते. चालू सोलारिस मध्येच थांबवून ही आज्ञा दिल्यास मात्र यंत्र अडकू शकते, आधी 'ऑटो-बूट?' फॉल्स करून 'रिसेट-ऑल' देणेच बरे. रूटचा पासवर्ड विसरला, तर 'बूट सीडीरॉम -एस' कामी येते.