पहिल्या मसुद्याचे वाचन

जागतिक इतिहासावरील निबंध तपासावयास घेतला की मी प्रथम त्याचा समारोप वाचतो. कारण विद्यार्थी कोणत्या निष्कर्षावर येऊन थांबला हे एकदा ध्यानात आले, म्हणजे तेथवर पोचण्यासाठी त्याने कोणता पुरावा जमविला आणि कोणता त्याच्या नजरेतून निसटला, हे पुढील वाचनात आपोआप उघड होत जाते. पहिल्या मसुद्यास मी गुण देत नाही. समासात शिसपेन्सिलीने प्रश्न तेवढे लिहितो आणि मसुदा परत करतो.

दोन महायुद्धांमधील जर्मनी हा विषय दिला, की बहुतेकांची वाट ठरलेली असते: १९१९ चा व्हर्सायचा तहनामा, युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या दोस्तांवर टाकणारे त्यातील २३१ वे कलम, १९२१ साली मुक्रर झालेली १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांची नुकसानभरपाई, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात १९३३ चा हिटलर. बाजारी गाईडांत कारणे क्रमांक घालून छापलेली असतात व परीक्षेत मुद्द्यागणिक गुण पडतात. त्यामुळे ही वाट विद्यार्थ्यांना राजमार्ग वाटते, याचे मला मनापासून दुःख होते. ज्या भाषेत इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने एकामागून एक प्रसिद्ध केली, त्या भाषेतील विद्यार्थ्याने पुराव्यावाचून कारणे पाठ करावीत, हे शोभत नाही.

द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा निबंध याच वाटेने आला होता. अक्षर वळणदार, सनावळी निर्दोष. तहाच्या परिच्छेदाशेजारी मी एवढेच लिहिले: ‘मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षास किती मते पडली?’ ग्रंथालयातून ती आकडा घेऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट अस्वस्थता होती. शेकडा २.६ मते, राइखस्टागमध्ये अवघ्या बारा जागा! तह होऊन नऊ वर्षे लोटली होती, अपमानाची जाणीव होतीच, तरीही मतदार त्या पक्षाकडे वळला नव्हता. मग सप्टेंबर १९३० मध्ये १०७ आणि जुलै १९३२ मध्ये २३० जागा आल्या कोठून?

दुसऱ्या मसुद्यात या प्रश्नाने सारी मांडणी हलविली. नुकसानभरपाईचे हप्ते सुसह्य करणाऱ्या १९२४ च्या डॉझ योजनेनंतर जर्मनीचे स्थैर्य अमेरिकन कर्जावर बेतलेले होते. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळल्यावर ती कर्जे परत मागितली जाऊ लागली, कारखाने बंद पडले, १९३२ च्या आरंभी बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली, आणि चॅन्सेलर ब्र्यूनिंग हे राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली निघणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकुमांच्या बळावर वेतने व बेकारभत्ते छाटीत राहिले, हे तिने क्रमवार उभे केले. व्हर्साय तिने वगळले नाही, आणि वगळावयासही नको होते. मंदीने हवालदिल झालेल्या माणसापुढे प्रचारकाने ठेवलेली जुनी जखम म्हणून तो तह आता निबंधाच्या मध्यभागी आला. तीच घटना, तीच सनावळी. परंतु कारणपरंपरेतील तिचे स्थान प्रथमच पुराव्याने ठरले होते.

यानंतर प्रश्न मला घालावा लागला नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींच्या जागा १९६ वर उतरल्या असता माजी चॅन्सेलर पापेन यांच्या खटपटीने राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी ३० जानेवारी १९३३ रोजी सत्ता हिटलरच्या हाती का दिली, हे तिने स्वतःच विचारले. त्याच निवडणुकीत समाजवादी लोकशाहीवाद्यांना १२१ आणि कम्युनिस्टांना १०० जागा मिळाल्या होत्या, म्हणजे दोघांची बेरीज नाझींहून अधिक होती. तरी ते एकत्र का आले नाहीत, याचा शोध घेण्यासाठी तिने आणखी मुदत मागितली, आणि मी ती आनंदाने दिली.