वाईनच्या तळघरातील लाकूडकाम आणि सोलापूरचे हवामान

प्रस्तावना :
महाराष्ट्र शासनाने 2001 साली द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण स्वीकारल्यानंतर राज्यातील वाईननिर्मितीस चालना मिळाली. पुढे सोलापूर जिल्ह्यातही अकलूजजवळ मोटेवाडी येथे फ्रातेली वाईन्सचा प्रकल्प उभा राहिला. वाईन तयार झाल्यावर ती टिकविण्याचा प्रश्न मात्र उपाहारगृहाच्या तळघरात सुटावयाचा असतो. तेथील लाकूडकाम ही केवळ सजावट समजली जाते. वस्तुतः त्याचा संबंध हवामानाशी व पदार्थविज्ञानाशी आहे.

लाकूड आणि आर्द्रता :
लाकूड भोवतालच्या हवेतील ओलावा शोषते अथवा सोडते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापमान 40 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास असेल, तर अशा हवेत लाकडातील जलांश सुमारे 6 टक्क्यांवर स्थिरावतो. वाईनच्या तळघरात 12 ते 14 अंश तापमान व 60 ते 70 टक्के आर्द्रता राखतात. तेथे हाच जलांश सुमारे 12 टक्के होतो. परिणामी, वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेत चिरलेली 300 मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी सुमारे 3.5 मिलिमीटर फुगते. उन्हाळ्यात घट्ट बसविलेले दार अडकते, ते याच कारणाने.

सांध्यांची रचना :
यावरील उपाय जुन्या वाड्यांच्या सुतारकामात आढळतो. दाराची चौकट खाच व कुसू यांनी जोडली जाते. मधली फळी मात्र सरस न लावता चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवली जाते. त्यामुळे फळी फुगली वा आकसली तरी चौकट जागची हलत नाही. बाटल्यांच्या मांडणीसही हेच तत्त्व लागू पडते. 750 मिलिलिटरची भरलेली बाटली साधारणतः 1.2 ते 1.4 किलो वजनाची असते. म्हणजे 500 बाटल्यांचा भार 600 किलोंहून अधिक होतो. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्या लागतात, कारण बूच ओले राहणे आवश्यक असते. मांडणी व भिंत यांत हवा खेळण्यापुरते अंतर असावे.

संरक्षक रसायनांचा धोका :
वाळवी व बुरशी रोखण्यासाठी लाकडास क्लोरोफेनॉलयुक्त द्रव्य लावल्यास काही बुरशी त्याचे क्लोरोअॅनिसोलमध्ये रूपांतर करतात. हे संयुग हवेवाटे बुचात व वाईनमध्ये उतरते. त्यांपैकी ट्रायक्लोरोअॅनिसोलचे लिटरमागे अवघे काही नॅनोग्रॅम प्रमाणही वाईनला कुबट वास आणते. सागाच्या गाभ्याचे लाकूड वाळवीस स्वभावतःच दाद देत नाही. म्हणून ते येथे विशेष उपयुक्त ठरते. कोवळे, बाहेरील लाकूड मात्र वगळावे.

निष्कर्ष :
लाकूड तयार तळघरात काही आठवडे ठेवून, जलांश मोजूनच अंतिम रंधाकाम व जोडणी करावी. कामाच्या करारात लाकडाच्या जातीबरोबर जलांश आणि संरक्षक द्रव्य यांचाही उल्लेख असावा. असे न केल्यास सुबक दिसणारे लाकूडच साठविलेल्या वाईनचे नुकसान करू शकते.