लाईट बिल भरणारा शेअर

बाबांच्या वहीत शेवटचा रकाना होता ‘कशाला’. तांबड्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. पहिल्या रकान्यात कंपनीचं नाव, मग वॉरंटचा, म्हणजे लाभांशाच्या चेकचा, नंबर, रक्कम, बँकेत भरल्याची तारीख आणि सगळ्यात शेवटी ‘कशाला’. त्या रकान्यात कुठे ‘लाईट बिल’, कुठे ‘दूध, दोन महिने’, तर एका ओळीत ‘हिचा चष्मा’ असं लिहिलेलं. बाबा सांगलीत पाटबंधारे खात्यात कारकून होते. पगारातून उरेल त्यात वर्षाकाठी पाच-दहा शेअर घ्यायचे आणि घेतलेले विसरून जायचे. विसरायचा नाही तो फक्त पोस्टमन.

श्रावण संपत आला की ते पोस्टमनची वाट बघू लागत. कंपन्यांचं वर्ष मार्चअखेर संपतं, वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते आणि जाहीर झालेला लाभांश ३० दिवसांत भागधारकाला पोचवावा लागतो. त्यामुळे गणपती ते दिवाळी हा आमच्याकडे वॉरंटचा हंगाम असे. रक्कम असायची सदतीस रुपये नाहीतर एकशे बारा रुपये. बाबा स्लिप भरून बँकेत जात आणि घरी येऊन आईला सांगत, “या महिन्याचं लाईट बिल कंपनीनं भरलं.” आई म्हणे, “मग पंखा जरा जास्त वेळ लावू का?”

आर्थिक स्वातंत्र्य हा शब्द तेव्हा घरात कुणी उच्चारला नव्हता. आज तो सगळीकडे ऐकू येतो: चाळिशीत नोकरी सोडा, लाभांशावर जगा. हे शक्य आहे का? काही थोड्यांना आहे. बाकीच्यांसाठी हे स्वातंत्र्य एका दिवसात उगवत नाही, एकेका बिलानं येतं. ते कसं, हे समजून घेण्यासारखं आहे.

अंमळनेरचा एक शेअर

लाभांशाची गोष्ट महाराष्ट्रात सांगायची तर जळगाव जिल्ह्यातल्या अंमळनेरला जावं लागतं. साने गुरुजींनी जिथे शिक्षकी केली तेच हे गाव. महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ साबण ही त्याची सुरुवातीची उत्पादनं. गावातल्या अनेक घरांत या कंपनीचे शेअर आले. १९६६ मध्ये प्रेमजी वारले आणि २१ वर्षांचा मुलगा, अझीम, शिक्षण अर्धं टाकून अमेरिकेतून परतला. तुपाची ती कंपनी पुढे संगणकात शिरली. आज तिला आपण विप्रो म्हणतो.

आता हिशेब बघा. १९८० साली १०० रुपये दर्शनी किमतीचा एकच शेअर कुणाकडे होता असं धरू. १९८१ आणि १९८५ च्या बोनसनं त्याचे ४ झाले. १९८६ मध्ये दर्शनी किंमत १० रुपये झाली, तेव्हा ४०. मग १९८७, १९८९, १९९२, १९९५ असे एकास एक बोनस, म्हणजे ६४०. १९९७ मध्ये एकास दोन, १,९२०. १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच झाले, ९,६००. त्यानंतर २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि डिसेंबर २०२४ चे वेगवेगळ्या प्रमाणांतले बोनस धरले की त्या एका शेअरचे होतात ५,१२,०००. जानेवारी २०२५ मध्ये विप्रोनं शेअरमागे ६ रुपये अंतरिम लाभांश दिला. एका शेअरच्या पोटी ३०,७२,००० रुपये.

पण ही ओळ इथेच तोडली तर लेख जाहिरात होईल. आदल्या आर्थिक वर्षात याच कंपनीनं शेअरमागे १ रुपयाच दिला होता. तेव्हा शेअर होते २,५६,०००, म्हणजे लाभांशही तेवढाच, २,५६,००० रुपये. एका वर्षी अडीच लाख, पुढच्या वर्षी तीस लाख. याला पगार म्हणत नाहीत. हे पीक आहे, आणि पिकासारखंच ते पावसावर आहे. शिवाय चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मुलीचं लग्न, आजारपण, घरबांधणी, भावांच्या वाटण्या या सगळ्यांतून एकही शेअर न विकणं किती घरांना जमलं असेल?

उतारा किती, आणि वाढतो का?

एकरी उत्पन्नाला शेतकरी उतारा म्हणतो. बाजारातला यील्ड हा शब्द त्याच अर्थाचा. शेअरचा भाव २०० रुपये आणि वर्षाचा लाभांश ४ रुपये असेल तर उतारा २ टक्के. वर्तमानपत्रात ‘४०० टक्के लाभांश’ अशी बातमी आली की नवखा माणूस हरखतो. ती टक्केवारी दर्शनी किमतीवर असते. १ रुपया दर्शनी किमतीच्या शेअरवर ४०० टक्के म्हणजे ४ रुपये. भाव २०० असेल तर उतारा तोच, २ टक्के.

निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांचा सरासरी उतारा सव्वा-दीड टक्क्याच्या आसपास असतो. बँकेतली ठेव याहून कितीतरी जास्त देते. मग माणसं लाभांशामागे का लागतात? कारण ठेवीचं व्याज मूळ रकमेवर अडकून राहतं आणि चांगल्या कंपनीचा लाभांश वाढत जातो.

टीसीएसचं उदाहरण घेऊ. २००४ साली हा शेअर ८५० रुपयांना विक्रीला आला. ज्याला २० शेअर मिळाले त्याचे गेले १७,००० रुपये. २००६, २००९ आणि २०१८ मध्ये एकास एक बोनस मिळाला आणि २० चे १६० झाले. गेल्या काही वर्षांचा नेहमीचा लाभांश, म्हणजे विशेष लाभांश वगळून, असा आहे: २०२२-२३ मध्ये शेअरमागे ४८ रुपये, २०२३-२४ मध्ये ५५, २०२४-२५ मध्ये ६०. १६० शेअरवर ७,६८०, मग ८,८००, मग ९,६०० रुपये. २०२४-२५ मध्ये ६६ रुपये विशेष लाभांशही आला. तो धरून वर्षाचे झाले २०,१६०. मूळ गुंतवणुकीपेक्षा जास्त रक्कम एका वर्षात हातात. तेच १७,००० रुपये ८ टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला १,३६० मिळाले असते, पहिल्या वर्षी आणि एकविसाव्या वर्षीही.

म्हणून अनुभवी माणूस आजचा उतारा बघून थांबत नाही. लाभांश दहा-पंधरा वर्षं खंड न पडता आला का, वाढत आला का, नफ्यातला किती हिस्सा वाटला जातो आणि कर्ज किती आहे, हे तो पाहतो. नफ्यापेक्षा जास्त वाटणारी कंपनी घरातली भांडी विकून जेवण वाढत असते.

वाळलेली झाडं

मुंबईच्या गिरण्यांचे शेअर एकेकाळी विधवांनी आणि निवृत्तांनी डोळे मिटून ठेवायचे मानले जात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत कित्येक गिरण्यांच्या शेअरचा कागद झाला. आमच्या वहीतही तशी दोन पानं आहेत. नावं ठळक अक्षरात आणि पुढे रकाने कोरे. विप्रोची गोष्ट सगळे सांगतात, कोऱ्या रकान्यांची कुणी सांगत नाही.

भरभक्कम कंपन्यांचा लाभांशही चुकतो. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१९-२० चा आणखी लाभांश देऊ नका असं बजावलं. ज्यांचा सगळा भरवसा बँकांच्या शेअरवर होता त्यांचं त्या वर्षीचं पीक बुडालं, तेही नेमकं टाळेबंदीच्या वर्षात.

तिसरा धोका भरघोस उताऱ्याचा. वेदांतानं २०२२-२३ मध्ये शेअरमागे एकूण १०१ रुपये ५० पैसे वाटले. भाव तीनशेच्या आत-बाहेर होता, म्हणजे उतारा तीस टक्क्यांच्या वर. ते बघून जे आत शिरले त्यांना पुढच्या वर्षी मिळाले २९ रुपये ५० पैसे, आणि सप्टेंबर २०२३ पर्यंत भाव सव्वादोनशेच्या खाली-वर आला. पुढे तो सावरला. पण त्या वर्षी लाभांशावर घर चालवायला निघालेल्याची झोप गेलीच असणार.

आणखी एक गैरसमज म्हणजे लाभांश फुकट मिळतो. ठरलेल्या तारखेला शेअर लाभांशाविना विकला जाऊ लागतो आणि भाव साधारण तेवढ्यानं उतरतो. पैसा कंपनीच्या खिशातून तुमच्या खिशात येतो, इतकंच. म्युच्युअल फंडांच्या ‘डिव्हिडंड’ पर्यायाचं नाव सेबीनं एप्रिल २०२१ पासून याच कारणानं बदलायला लावलं. नव्या नावातच सांगितलंय की हे उत्पन्नाचं वाटप आहे आणि त्यात भांडवलही परत येऊ शकतं.

कागदावरचा हिशेब

महिना ५०,००० खर्च असलेल्या घराला वर्षाला ६ लाख लागतात. दीड टक्का उताऱ्यानं त्यासाठी ४ कोटींचे शेअर हवेत. तीन टक्क्यांनी २ कोटी.

आता उलट बाजूनं मोजू. महिना १०,००० रुपये २५ वर्षं गुंतवले, आलेला लाभांशही परत गुंतवला आणि वर्षाला सरासरी ११ टक्के वाढ झाली असं गृहीत धरलं, तर सुमारे १ कोटी ५७ लाख जमतात. दीड टक्क्यानं महिन्याला साधारण १९,७०० रुपये लाभांश. ऐकायला बरं वाटतं. पण ६ टक्के महागाई धरली तर २५ वर्षांनंतरच्या त्या रकमेची किंमत आजच्या ४,६०० रुपयांएवढी. हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेला तर आजच्या दहा हजारांच्या आसपास जाता येतं.

पुष्कळजण इथे वही मिटतात. मी मिटली नाही, कारण आजचे ४,६०० म्हणजे वीज, गॅस, दूध आणि इंटरनेट. दहा हजार म्हणजे त्यावर किराणा. चार-पाच बिलं कायमची सुटली तर माणूस साहेबाशी बोलताना वेगळ्या आवाजात बोलतो. उरलेला खर्च निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, ठेवी आणि गरज पडेल तसे थोडे शेअर विकून भागवायचा असतो. सगळं एकट्या लाभांशावर टाकलं तर माणूस भरघोस उताऱ्याच्या मागे धावतो आणि फसतो.

सरकारचा वाटा

१९९७ पासून लाभांश वाटताना कंपनीच कर भरत असे. १ एप्रिल २०२० पासून ती पद्धत गेली आणि लाभांश आपल्या इतर उत्पन्नात मिळून आपल्याच टप्प्यानुसार त्यावर कर लागू लागला. एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांवर लाभांश आला तर १० टक्के आधीच कापून घेतले जातात. ही मर्यादा एप्रिल २०२५ पर्यंत ५,००० होती.

याचा अर्थ असा की भरघोस पगाराच्या, ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला लाभांश महाग पडतो. तोच शेअर वर्षभरानंतर विकला तर वर्षाचा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्याहून जास्त नफ्यावर साडेबारा टक्के कर. उलट निवृत्त माणसाचं एकूण उत्पन्न कमी असतं. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि लाभांश त्यात मोजला जातो. म्हणजे कमावत्या वयात न वाटता वाढणारी कंपनी बरी आणि उतारवयात वाटणारी.

आत्याचं जुनं नाव

परवा आत्याच्या ट्रंकेत दोन शेअर सर्टिफिकेटं सापडली. तिच्या माहेरच्या नावाची, लग्नाआधीची. पत्ता सोडलेल्या घराचा. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की तो आणि त्यासोबत शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. आत्याचेही गेले होते. पैसे बुडत नाहीत, मागता येतात. पण लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पॅनवरचं नाव, बँकेचं पत्र, निधीचा ऑनलाइन अर्ज, मग कंपनीची पडताळणी. दीड वर्ष गेलं. शेवटी आत्या म्हणाली, “अरे, लग्न जुळवायलाही एवढे कागद लागले नव्हते.”

कागदी शेअर असतील तर डीमॅट करून घ्या, कारण एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करून विकता येत नाहीत. बँक खातं, पत्ता आणि वारसाचं नामांकन ताजं ठेवा. आणि घरात एकाला तरी सांगून ठेवा की काय कुठे आहे. लाभांशाच्या झाडाला वीस वर्षं पाणी घालून फळं दुसऱ्याच्या कोठारात जाणं फार सोपं आहे.

बाबा गेल्यावर वही माझ्याकडे आली. आता पोस्टमन येत नाही, मोबाईल वाजतो आणि खात्यात रक्कम दिसते. तरी मी हातानं लिहितो, पाचही रकाने. ‘कशाला’च्या खाली गेल्या वर्षी वीज, गॅस आणि दूध वर्षभराचं लागलं. यंदा घरपट्टीही अर्धी सुटली. सोसायटीचा मेंटेनन्स मात्र अजून माझ्या पगारातूनच जातो.