ऑगस्टाच्या या तीन होलवर भलेभले गोल्फर का बुडतात? झेंडा सोडून भलतीकडे बॉल मारण्यामागचं गणित काय आहे?

तारीख होती १० एप्रिल २०१६. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा नॅशनलच्या मैदानावर मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस सुरू होता. २२ वर्षांचा जॉर्डन स्पीथ गतविजेता होता आणि शेवटचे नऊ होल बाकी असताना तब्बल ५ शॉट्सनी पुढे होता. दहाव्या आणि अकराव्या होलवर त्याने एकेक शॉट गमावला, तरी तो आघाडीवरच होता.

मग आलं बारावं होल. मैदानातलं सगळ्यात छोटं होल, अंतर फक्त १५५ यार्ड, म्हणजे साधारण १४० मीटर. स्पीथचा पहिला बॉल पाण्यात गेला. पुढचा शॉट मारला, तोही पाण्यात. तीन शॉट्सचं होल पूर्ण करायला त्याला सात लागले. स्पर्धा जिंकली इंग्लंडच्या डॅनी विलेटने.

आता तुम्ही म्हणाल, जगातला टॉपचा खेळाडू १४० मीटरवर बॉल टाकू शकत नाही? टाकू शकतो. प्रश्न असतो तो बॉल नेमका कुठे टाकायचा याचा. गोल्फचं प्रत्येक होल या एका निर्णयाभोवती फिरतं, आणि ते समजून घ्यायला ऑगस्टाच्या ११, १२ आणि १३ नंबरच्या होलसारखी दुसरी शाळा नाही. या तिघांना मिळून 'आमेन कॉर्नर' म्हणतात. हे नाव १९५८ साली हर्बर्ट वॉरन विंड या पत्रकाराने दिलं.

आधी बेसिक गोष्टी

गोल्फमध्ये १८ होल असतात आणि सगळ्यात कमी शॉट्समध्ये ते संपवणारा जिंकतो. प्रत्येक होलसाठी शॉट्सचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, एक जास्त म्हणजे बोगी. होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला ग्रीन म्हणतात, तर वाळूच्या खड्ड्याला बंकर. बॉल पाण्यात गेला की एक शॉट दंड. म्हणजे पहिलाच बॉल बुडाला तर पुढचा शॉट थेट तिसरा मोजला जातो.

होल ११ : तळ्यापासून लांब राहा

पार ४, लांबी ५२० यार्ड. ग्रीनच्या डाव्या बाजूला तळं आहे आणि उजव्या बाजूला मोकळी जागा. दुसरा शॉट लांबून मारावा लागतो, त्यामुळे थोडी जरी चूक झाली तरी बॉल बराच भरकटतो. मग शहाणा खेळाडू काय करतो? तो ग्रीनच्या उजव्या भागाकडे मारतो. तिथे चुकलं तर बॉल गवतात पडेल, डावीकडे चुकलं तर तळ्यात.

दोन वेळा मास्टर्स जिंकलेला बेन होगन तर म्हणायचा की, मी दुसऱ्या शॉटमध्ये या ग्रीनवर दिसलो तर समजा माझा शॉट चुकलाय. तो मुद्दामच उजवीकडे बॉल ठेवायचा आणि तिथून हलक्या हाताने ग्रीनवर आणायचा.

१९८७ साली याच होलवर लॅरी माईझ आणि ग्रेग नॉर्मन यांचा प्लेऑफ रंगला होता. माईझचा बॉल ग्रीनच्या बराच उजवीकडे गेला. पण बॉल कोरड्या गवतात होता, त्यामुळे संधी शिल्लक होती. तिथून त्याने मारलेला शॉट घरंगळत थेट होलमध्ये गेला आणि नॉर्मन बघत राहिला.

होल १२ : झेंडा विसरा

पार ३. समोर रेज क्रीक नावाचा ओढा, त्यापलीकडे रुंद पण अरुंद खोलीचं ग्रीन. पुढे एक बंकर, मागे दोन. हे ग्रीन तिरकं आहे. डावी बाजू खेळाडूला जवळ, उजवी लांब. शेवटच्या दिवशी झेंडा बहुतेक वेळा उजवीकडेच लावतात आणि खरी गोम इथेच आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल नीट लागला नाही तर तो सहसा उजवीकडे जातो आणि कमी अंतर कापतो. उजवीकडे तर जास्त अंतराची गरज असते. परिणाम, बॉल ओढ्यात. त्यात उंच झाडांमुळे वारा इथे गोल गोल फिरतो.

एक काल्पनिक हिशोब करू. समजा, खेळाडूने दहा वेळा झेंड्याकडे मारलं. तीनदा बर्डी मिळाली (२), चारदा पार (३) आणि तीनदा बॉल पाण्यात जाऊन ५ शॉट लागले. एकूण ३३. आता दहा वेळा बंकरवरून ग्रीनच्या मध्यावर मारलं. एक बर्डी, आठ पार, एक बोगी. एकूण ३०. टाळ्या पहिल्याला जास्त मिळतील, पण पुढे दुसरा असेल.

२०१९ मध्ये हेच घडलं. आघाडीवर असलेल्या फ्रान्सेस्को मोलिनारीचा बॉल पाण्यात गेला. त्याच दिवशी ब्रूक्स केप्का, इयन पोल्टर आणि टोनी फिनाऊ यांचेही बॉल इथेच बुडाले. टायगर वुड्सने मात्र झेंड्याकडे न बघता डावीकडे, बंकरवरून मारलं. लांबचा पट, मग छोटा पट, पार. दिसायला अगदी साधं. पण तिथे तो मोलिनारीच्या बरोबरीला आला आणि शेवटी एका शॉटने जिंकला. ४३ व्या वर्षी त्याची ही पंधरावी मेजर होती.

पण गणित माहीत असलं म्हणून हात दरवेळी ऐकतोच असं नाही. पुढच्याच वर्षी याच टायगरचे याच होलवर तीन बॉल पाण्यात गेले आणि त्याला १० शॉट लागले.

होल १३ : मोह आवरायचा की नाही?

पार ५, लांबी ५४५ यार्ड. रस्ता डावीकडे वळतो आणि ग्रीनच्या अगदी पुढून ओढा जातो. पहिला शॉट चांगला बसला तर दुसऱ्याच शॉटमध्ये ओढा पार करून ग्रीन गाठता येतं. नाहीतर ओढ्याच्या अलीकडे थांबायचं आणि तिसऱ्या शॉटमध्ये छोटं अंतर कापायचं.

२०१० मध्ये फिल मिकलसनचा बॉल झाडांमध्ये, पाईनच्या वाळक्या पानांवर पडला होता. समोर दोन झाडं आणि मधे छोटीशी फट. त्याने थेट ग्रीनकडे मारलं, बॉल होलजवळ थांबला आणि त्याला बर्डी मिळाली. लोकांना तो जुगार वाटला. पण त्याचं म्हणणं होतं की, अलीकडे थांबायचं ठरवलं असतं तरी बॉल त्याच फटीतून काढावा लागला असता. मग थोडा फायदा का घेऊ नये? ती स्पर्धा तोच जिंकला.

याउलट २०२५ मध्ये रोरी मॅकिलरॉयने इथे सेफ खेळायचं ठरवलं. मोठी आघाडी होती, त्यामुळे निर्णय बरोबरच होता. पण शंभर यार्डांच्या आतून मारलेला सोपा शॉट ओढ्यात गेला आणि त्याला ७ लागले. त्या दिवशी तो हरला नाही. जस्टिन रोजला प्लेऑफमध्ये हरवून त्याने चारही मेजर जिंकण्याचं स्वप्न पूर्ण केलं.

मग यातून काय समजायचं?

प्रत्येक होलवर खेळाडू स्वतःला एकच प्रश्न विचारतो, माझा शॉट चुकला तर बॉल कुठे पडलेला परवडेल? अकरावर उत्तर आहे उजवीकडे, बारावर ग्रीनच्या मध्यावर आणि तेरावर ते पहिला शॉट कुठे पडलाय यावर ठरतं.

मास्टर्स दरवर्षी एप्रिलमध्ये असते. शेवटच्या दिवशीचा खेळ आपल्याकडे रविवारी रात्रीपासून सोमवारी पहाटेपर्यंत चालतो. कधी जागे असाल तर बारावं होल नक्की बघा. बॉल झेंड्यापासून लांब पडला म्हणून शॉट फसला असं लगेच समजू नका. कदाचित त्याला तो तिथेच हवा होता.